नमद्याची गाडी

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गणपती उशिरा बसले होते. विसर्जन आटोपलं, लोकांना दसऱ्याचे वेध लागले, आणि अंधेरीला मार्तंडराव त्रिलोकेकरांच्या आवारात एका गाडीचं पोट उघडून ठेवलेलं होतं.

वर्सोव्याच्या रस्त्याला तेव्हा बंगले विरळ होते. मधेच ताडांची रांग, मधेच भाताचा तुकडा, मग एखादं फाटक आणि त्याच्याआड कौलारू घर. संध्याकाळी वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्याकडे, रिकाम्या टोपल्या घेऊन टांगे परत जायचे आणि त्यांच्यामागे मासळीचा वास रेंगाळत राहायचा. त्रिलोकेकरांचा बंगला त्यातलाच एक. मागे गाडीची शेड आणि शेडीला चिकटून एक खोली. त्या खोलीत त्यांचा ड्रायव्हर दत्ताराम राऊळ आणि त्याची बायको जानकी राहायची.

खोली म्हणजे काही राजवाडा नव्हता. पण जानकी लग्न होऊन कणकवलीकडून परळला आली होती ती दिराच्या बिऱ्हाडात. तिथे तिचा संसार लुगड्याच्या पडद्याआड होता. इकडे खोलीला स्वतःचं दार होतं. आतून कडी लावता येत होती. पहिले काही दिवस ती नुसतीच कडी लावायची, काढायची, परत लावायची. दत्ताराम हसायचा. ही खोली ड्रायव्हरची होती. ड्रायव्हरकी गेली की खोली गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि ड्रायव्हरकी जाईल अशी एक गोष्ट जानकीला ठाऊक होती. दत्तारामचे कान अधू होते.

तो आधी गिरणीत साच्यावर होता. साचेखात्यात शेकडो माग एकदम खडाखडा चालायचे. तिथे माणूस माणसाच्या कानाशी ओरडला तरी ऐकू जायचं नाही. त्यामुळे साच्यावरची माणसं समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घ्यायची. त्यांच्या चाळीत तर रीतच पडून गेली होती. बायका आधी नवऱ्याची बाही ओढायच्या, तोंड आपल्याकडे वळवायच्या आणि मग बोलायच्या. जानकी नवी असताना तिला वाटलं, मुंबईत नवराबायको असेच बोलत असतील. पुढे पन्नास सालचा संप झाला, संपानंतर दत्तारामने गिरणी सोडली, एका भावकीतल्या माणसाकडून गाडी शिकला आणि इथे लागला. कान मात्र गिरणीतच राहिले ते राहिले.

इथे ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जानकीच तशी काळजी घ्यायची. बंगल्यातून हाक आली की ती आधी धावायची, नवऱ्याची बाही ओढायची आणि म्हणायची, "सायब बोलवतंत."

पद्मजाबाई, म्हणजे मार्तंडरावांची बायको, एकदा म्हणाल्या होत्या, "जानकी, तुझा नवरा फार मिजासखोर आहे हं. हाक मारली की तुलाच पाठवतो."

"तेंचो स्वभावच तसो, बाई," जानकी म्हणाली होती. नवरा बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मिजासखोर म्हणवून घेतलेला बरा.

मार्तंडराव आवाज ध्वनिमुद्रित करायचे. एका स्टुडिओत बरीच वर्षं नोकरी केली आणि मग कुणाशी तरी वाजलं म्हणून सोडली. आता त्यांचं स्वतःचं यंत्र होतं, विलायतेहून आणवलेलं, आणि मढच्या किनाऱ्यावर, उघड्यावर चित्रीकरण करणाऱ्या कंपन्यांची कामं त्यांना हवी होती. यंत्र न्यायला लढाईनंतरच्या लिलावातली एक अमेरिकन पिकअप होती. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा. लढाईत तिने काय सोसलं होतं कोण जाणे, पण तिच्या अंगातला एकही भाग गप्प बसायचा नाही. दारं खडखडायची, टप घुमायचा, पायाखालचा पत्रा तर इंजिनाबरोबर अक्षरशः गायचा. रस्त्याकडेच्या कोंबड्या ती दिसायच्या आधीच पळायच्या.

"या केबिनची मी खोली करणार," मार्तंडराव एक दिवस चहा पिताना म्हणाले. "आवाज न येणारी खोली. काचा वर केल्या, कानाला यंत्र लावलं, की बाहेर समुद्र असो की बाजार, मला फक्त माझं ऐकू येणार."

"आणि गुदमरलात तर?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"तू आहेस ना दार उघडायला."

दुसऱ्या दिवसापासून आवारात कामाला सुरुवात झाली. नळबाजारातून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड गुंडाळ्या आल्या, घोड्यांच्या खोगिराखाली घालतात तसल्या. डांबराचा डबा आला, काथ्या आला, गोणपाट आलं. दत्तारामने सीट उपसून काढली, तळाचा गंज खरवडला. मार्तंडराव हाताच्या पेरांनी पत्रा ठोकत फिरायचे आणि जिथे तो ठण्ण वाजेल तिथे खडूने फुली मारायचे. फुली मारली की तिथे पातळ केलेल्या डांबराचा हात, त्यावर नमदा, त्यावर परत दाबून गोणपाट. मग मार्तंडराव पुन्हा पेरं ठोकायचे. ठण्णच्या जागी थप्प. त्यांना इतका आनंद व्हायचा की ते पद्मजाबाईंना स्वयंपाकघरातून ओढून आणायचे.

"ऐक, ऐक. थप्प!"

"ऐकलं. भात करपतोय."

टपाच्या आतल्या बाजूचं काम जानकीला मिळालं. तिथे नमदा टिकेना, डांबर मऊ पडलं की खाली लोंबायचा. तेव्हा मार्तंडरावांनी तिला विचारलं, "तुम्ही लोक वाकळ शिवता ना गं? तशी मला शिवून दे. आत सावरीचा कापूस. मी ती लाकडी पट्ट्यांनी टपाला आवळून टाकतो."

जानकीने ते काम हौसेने घेतलं. इतकं हौसेने की पद्मजाबाईंना नवल वाटलं. दुपारी जेवण झालं की ती शेडीत पाय पसरून बसायची आणि जुन्या लुगड्यांच्या घड्यांत कापूस भरून टाके घालायची. मनात एक हिशोब होता, तो तिने कुणाला सांगितला नव्हता. गिरणीच्या आवाजाने नवऱ्याचे कान गेले. मग गाडीच्या आवाजाने उरलेसुरले जाणार, हे उघड होतं. आता गाडी शांत झाली की कानांना विसावा मिळणार. डोळे आले की आपण अंधारात बसतो, तसंच. एखाद्या वर्षात फरक पडेल. म्हणून ती साहेबांनी सांगितलं त्याच्या दुप्पट कापूस भरत होती.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. सीट परत बसवली होती, दारांच्या कडांना पट्ट्या लावल्या होत्या. मार्तंडराव पांढरा सदरा घालून आत बसले, दत्तारामने गाडी सुरू केली आणि ती फाटकाबाहेर पडली. कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. जानकी फाटकाशी उभी राहून मनातल्या मनात देवाला हात जोडत होती.

गाडी परत आली तेव्हा दोघांचीही तोंडं उतरलेली होती.

"काय झाला?" तिने नवऱ्याला खोलीत घेऊन, तोंड आपल्याकडे वळवून विचारलं.

"काय ता माकाच समजाक नाय," दत्ताराम म्हणाला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सायब आज बोललेच नाय. मी आपलो जातंय सरळ. मगे एकदम माझो दंड धरल्यानी. म्हणतंत, केव्हाचो सांगतंय डावीकडे घे. कधी सांगितल्यानी? मी ऐकाक नाय. आणि गाडी सुरू आसा की बंद आसा, ताय माका कळना नाय. सुरू असताना परत स्टार्टर दाबलंय. असो किंचाळलो तो!"

"पण आता आवाज कमी झालो ना?"

"आवाज कमी झालो, आणि माका ऐकाक येणाच बंद झाला."

जानकीला ते पटेना. हे काय उलटंच? आवाज कमी झाला तर जास्त ऐकू यायला हवं. ज्या खडखडाटात कुत्र्याचं भुंकणंही ऐकू येत नसे, त्या खडखडाटात हा माणूस दोन वर्षं साहेबांचा शब्द न् शब्द झेलत होता. आणि आता टाचणी पडली तर वाजेल अशी केबिन करून दिली, तर याला काही ऐकू येईना.

तिने खूप डोकं चालवलं. शेवटी तिची अशी समजूत झाली की दोष कापसाचा. सावरीचा कापूस आवाज पितो म्हणूनच तर तो घातला. आता कापसाला काय कळतं, इंजिनाचा आवाज कुठला आणि साहेबांचा कुठला? तो दोन्ही पिणार. आणि आपण तर दुप्पट भरला!

मग ती साहेब बाहेर गेल्याचं बघून केबिनमध्ये शिरली, दत्तारामच्या डोक्यावरची पट्टी सैल केली, वाकळेची शिवण उसवली आणि पदरात मावेल तेवढा कापूस काढून आणला.

दुसऱ्या दिवशी मार्तंडरावांनी पेरं ठोकली. डोक्यावर ठण्ण.

"हे असं कसं झालं?" ते म्हणाले. "काल थप्प होतं."

"उंदीर आसतले," जानकी म्हणाली.

"उंदीर? कापूस न्यायला?"

"बाळंतीण झाली असेल एखादी उंदरीण," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीचा कुणाला तरी उपयोग झाला."

मार्तंडरावांनी पिंजरा लावला आणि परत कापूस भरायला सांगितला. जानकीने निमूटपणे भरला. दोन दिवसांनी थोडा काढला. साहेबांना परत ठण्ण ऐकू आलं. पिंजऱ्यात उंदीर काही सापडेना. मार्तंडराव पुस्तकं उघडून बसले. कोऱ्या कागदावर केबिनचं चित्र काढून ते बाण काढायचे, खोडायचे, डोकं खाजवायचे. इकडे दत्ताराम रोज आणखी बावचळत चालला होता. तो आता गाडी सुरू आहे का बंद, हे बघायला हात बाहेर काढून बॉनेटवर ठेवायचा. साहेब काही बोलतील या भीतीने दर थोड्या वेळाने स्वतःच "होय सायब" म्हणायचा. कधी साहेबांनी "पेट्रोल आहे ना?" विचारलेलं असायचं, तेव्हा ते जमून जायचं. कधी ते स्वतःशीच गुणगुणत असायचे, तेव्हा जमायचं नाही.

"याला काय झालंय?" मार्तंडरावांनी पद्मजाबाईंना विचारलं. "चांगला हुशार माणूस, एकाएकी खुळ्यासारखा करतो."

जानकीने हे भांडी घासता घासता ऐकलं आणि तिच्या हातातली राख तशीच राहिली. खुळा ड्रायव्हर कोण ठेवील?

दिवाळीच्या आधी एक दिवस मार्तंडरावांनी वेसाव्याच्या किनाऱ्यावर गाडी नेऊन बघायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात मढला एका कंपनीचे लोक त्यांचं काम बघायला येणार होते. त्याआधी समुद्राच्या आवाजात केबिन कशी वागते ते पाहायचं होतं. जानकीलाही बरोबर घेतलं, टपाची वाकळ सुटली तर तिथल्या तिथे टाके घालायला. ती सुईदोरा घेऊन मागे हौद्यात बसली.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. उभे बांबू, त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर तोंडात तोंड अडकवून लटकवलेले बोंबील. ऊन पडलं की ते चांदीसारखे दिसायचे. मार्तंडराव उतरून पाण्याकडे गेले आणि तिथून त्यांनी हाताने खूण केली, गाडी मागे घे, अजून मागे.

दत्तारामने मागचा गियर टाकला. गाडी मागे यायला लागली. जानकीने वळून बघितलं तर हौद्याच्या मागे बांबूंची रांग. तिने केबिनच्या टपावर थाप मारली. हौद्यातून थाप म्हणजे थांब, हे सगळ्या गाड्यांचं ठरलेलं. गाडी थांबली नाही. तिने दोन्ही हातांनी बडवलं. वाळवणापाशी बसलेली कोळीण, मालन तिचं नाव, उठून धावत आली.

"ए! ए मेल्या! थांब, थांब! भयरा हाय का रं?"

गाडी मागे येतच राहिली. कडाड करून पहिला बांबू मोडला, दोऱ्या तुटल्या आणि बोंबील जानकीच्या अंगावर पडले. तेव्हा कुठे दत्तारामला धक्का जाणवला आणि त्याने ब्रेक दाबला.

पुढच्या बांबूला एक झोळी बांधलेली होती. झोळीत मालनच्या लेकीचं मूल झोपलेलं होतं. मधे फार अंतर नव्हतं.

मालनने आधी मूल उचलून छातीशी धरलं आणि मग तोंड सोडलं. तिने दत्तारामचा, त्याच्या बापाचा आणि ज्याने मोटार शोधून काढली त्याचा असा उद्धार केला की आजूबाजूच्या होड्यांवरचे लोक जाळी टाकून ऐकायला आले. दत्ताराम खाली उतरून तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. या वेळी त्याला सगळं कळत होतं.

मार्तंडराव धापा टाकत आले. त्यांनी मोडका बांबू बघितला, झोळी बघितली आणि ते मटकन वाळूत बसले.

"याची चूक नाही, बाई," ते मालनला म्हणाले. "चूक माझी. मी त्या गाडीला आतून इतकं बांधून काढलंय की याला तुमची हाक ऐकूच गेली नाही. हिने टप बडवला, तोही ऐकू गेला नाही. माझी चूक."

"मंग फोडून टाका ती गाडी," मालन म्हणाली.

"उद्या सगळं काढून टाकतो," मार्तंडराव म्हणाले.

त्या संध्याकाळी जानकीने चूल पेटवली खरी, पण फोडणी घालायची विसरली. दत्ताराम दाराशी बसला होता.

"सायबांनीच सांगितला ना," तो म्हणाला, "नमद्याची चूक म्हणून. उद्या काढून टाकतले. मगे सगळा पहिल्यासारखा होतला. तू कित्याक तोंड पाडून बसलंस?"

"पहिल्यासारखा होतला?"

"होतला म्हणजे! पहिला ऐकाक येय होता ना माका?"

तेही खरंच होतं. जानकीला काही उमजेना. नमदा बसवायच्या आधी हा ऐकत होता, नमदा बसवल्यावर ऐकत नाही. मग साहेब म्हणतात तेच बरोबर असेल. नमदाच वाईट. तिला ते मानायचं होतं. ते मानलं की नोकरी राहत होती, खोली राहत होती, आतली कडी राहत होती. कुणाला काही सांगायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर ती या दोन वर्षांत पटाईत झाली होती.

पण झोळी काही डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी मार्तंडराव अजून आंघोळीला होते. जानकी शेडीत गेली, केबिनमध्ये शिरली, दार ओढून घेतलं, काच वर केली आणि दत्तारामच्या जागेवर बसली. खरंच शांत होतं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. नमद्याचा आणि डांबराचा वास येत होता. ती डोळे मिटून बसली.

"जानकी! अगं जानकी! कुठे गेलीस?"

पद्मजाबाईंची हाक. परसातून आलेली, दबकी, उशीतून आल्यासारखी, पण जानकी म्हणजे जानकीच. शब्द न् शब्द कळला. मग तिने काच उघडून हात बाहेर काढला आणि टपावर वरून थाप मारली. थप्प. बारीक, पण ऐकू आली.

नमद्याने आवाज गिळला होता, पण सगळा नाही. चांगल्या कानाला पुरेल एवढा त्याने ठेवला होता.

ती बाहेर आली तेव्हा मार्तंडराव खरवडायचं हत्यार घेऊन उभे होते आणि पद्मजाबाई त्यांच्या मागे. त्यांनी दाराचं गोणपाट कोपऱ्यातून उचकटायला सुरुवात केलीच होती.

"काढू नका, सायब," जानकी म्हणाली.

"का गं? तुझे टाके म्हणून वाईट वाटतंय?"

"नमद्याचो दोष नाय. तेंका ऐकाक येणा नाय. गिरणीत असल्यापासून."

तिला वाटलं होतं, साहेब ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते फक्त तिच्याकडे बघत राहिले, एखादं यंत्र अचानक उलटं फिरायला लागलं तर बघावं तसे.

"पण दोन वर्षं हा माझं सगळं ऐकत होता! या खटाऱ्यात! जिथे मला माझं ऐकू यायचं नाही तिथे!"

पद्मजाबाई एकदम हसायला लागल्या. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला, कारण जानकीच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"अहो, त्या खटाऱ्यात तुम्ही कसे बोलायचात? त्याच्याकडे पूर्ण वळून, डोळे वटारून, कंठाच्या शिरा ताणून. मी बघितलंय ना. आता गाडी शांत झाली, तेव्हापासून तुम्ही मागे टेकून, काचेबाहेर बघत, हळू आवाजात बोलता. सभ्य माणसासारखे. त्याला दिसणार काय, तुमचा कान?"

मार्तंडरावांनी दत्तारामला बोलावलं. म्हणजे जानकीने बाही ओढून आणलं. साहेब त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ताराम, आज वार कुठला?" दत्ताराम उभाच. मग ते वळले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तेच म्हणाले.

"बुधवार, सायब," दत्ताराम म्हणाला.

मग त्याने एकदा जानकीकडे बघितलं, आणि त्याला कळलं की तिने सांगितलं. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"मला आधी सांगायचंस," मार्तंडराव म्हणाले. या वेळी ते त्याच्यासमोर, नीट तोंड दाखवून बोलत होते. "मी काल एका मुलाला... माझ्या नमद्यामुळे म्हणून रात्रभर मी डोळा मिटला नाही. आणि तू खुशाल गप्प."

"खोली सोडूची लागतली ना," जानकीच मधे म्हणाली. "म्हणून."

मार्तंडराव चिडलेले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. "सोडावी तर लागेलच," ते म्हणाले. "नवा ड्रायव्हर ठेवला की त्याला मी कुठे ठेवू? टपावर? महिनाभर राहा. मग बघू."

दत्ताराम दोन दिवस जानकीशी बोलला नाही. ती बाही ओढायची, तो तोंड वळवायचा नाही. तिला कळेना की आपण चांगलं केलं की वाईट. मालनच्या नातवाचा विचार केला की चांगलं वाटायचं. दाराच्या कडीकडे बघितलं की वाईट. दिवसातून कितीदा तरी तिचं मन असं इकडून तिकडे व्हायचं. शेवटी तिने भांडी पोत्यात भरून ठेवली आणि लागेल तसं एकेक बाहेर काढून त्यात स्वयंपाक करू लागली.

मढच्या कामाचा दिवस आला तेव्हा नवा ड्रायव्हर मिळालेला नव्हता. मार्तंडरावांना गाडी चालवता यायची नाही. पद्मजाबाई पदर खोचून चाकावर बसल्या. माहेरी त्यांच्या वडिलांकडे मोटार होती आणि लग्नाआधी त्या गिरगावात ती चालवायच्या. फाटकाच्या खांबाला गाडी एकदा चाटून गेली, पण ती मालाड, मार्वेवरून मढला पोचली. केबिनने काम चोख केलं. कंपनीच्या माणसाने कानाला यंत्र लावून बघितलं आणि विचारलं, "हे आतलं काम कुठल्या कारखान्यातून करून घेतलंत?"

"घरच्याच माणसांनी केलंय," मार्तंडराव म्हणाले.

त्या माणसाची स्वतःची मोटार होती, आणि तिचा पत्राही गायचा. आठवड्याभरात ती मोटार त्रिलोकेकरांच्या आवारात उभी राहिली. दत्तारामने तिची सीट उपसली, तळ खरवडला आणि डांबराचा डबा चुलीवर ठेवला. आवाजाचं काम त्याला कानाने करता येईना. पण साच्यावर असताना धाग्याची थरथर त्याला बोटांना कळायची, तशीच आता पत्र्याची कळायची. तो इंजिन सुरू करायला सांगायचा, तळहात पत्र्यावर फिरवायचा आणि खडूने फुली मारायचा. संध्याकाळी त्याने जानकीची बाही ओढली.

"वाकळेक कापूस किती लागतलो?" त्याने विचारलं.

महिना संपला. नवा ड्रायव्हर ठेवायचं पद्मजाबाईंनी होऊ दिलं नाही, चाकाची त्यांना गोडी लागली होती. खोलीचा विषय मार्तंडरावांनी परत काढला नाही. जानकीने फार दिवस वाट बघितली आणि मग एक दिवस पोतं रिकामं करून भांडी फळीवर लावली.

ती पिकअप पुढे बरीच वर्षं मढला जात राहिली. मग मालाडच्या एका अंडीवाल्याने ती घेतली आणि नमदा उपटून तिथे कोंबड्यांचे पिंजरे ठेवले, असं कुणीसं सांगितलं. मार्तंडराव साठीच्या आतच गेले, काम करता करता, कानाला यंत्र असताना. पद्मजाबाईंनी त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं मोटार चालवली. एकाहत्तर साली बंगला पाडून तिथे इमारत झाली, तेव्हा त्या भावाकडे गिरगावात राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मालनचा नातू मोठा होऊन होडीवर गेला. मालन बाजारात जानकीला भेटली की नवऱ्याची चौकशी करायची, ती शिवी घालूनच, आणि मूठभर बोंबील जास्त टाकायची.

दत्ताराम आणि जानकीने बंगला पडायच्या आधीच जोगेश्वरीला खोली घेतली होती, मागे छोटं छप्पर घालून. तिथे मोटारी, टॅक्सी नमद्याला यायच्या, दोनदा तर शववाहिकाही आली. म्हातारपणी लेकीने दत्तारामला कानात घालायचं यंत्र आणून दिलं. त्याने ते घातलं आणि दचकून इकडेतिकडे बघायला लागला. पंखा, कावळे, शेजारणीचा मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न. त्याने ते काढून डबीत ठेवलं. "तुमी ह्या सगळा रोज ऐकतास?" त्याने विचारलं, "मगे तुमका झोप कशी येता?"

तो गेल्यावर जानकी मुलुंडला लेकीकडे राहिली. गाडी शांत झाल्यावर तिचा नवरा बहिरा का झाला, हे पद्मजाबाईंनी तिला त्या सकाळी समजावलं होतं आणि पुढेही कितीदा तरी समजावलं असेल. समजावताना तिला पटायचं. थोड्या वेळाने ती परत गोंधळात पडायची. लेक आणि जावई एकमेकांकडे न बघता बोलायला लागले, की ती मात्र अजूनही उठून कुणाची तरी बाही ओढायची.